जमादार सोनबा कळंबे, इयत्ता दुसरी पास

माझी प्रिय श्रुतिका,

पुण्यात थंडी पडली म्हणतात. कानाला रुमाल बांधत जा, कॉलेजात कोण हसेल ते हसू दे. एवढं सांगून झालं की मला पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. मी शाळेत जाऊन ते रजिस्टर वाचलं हे शाळेच्या मॅडमनी तुला कळवलं, त्यावर तुझा निरोप मिळाला. शेजारच्या नीलाच्या मोबाइलवर आला, तिनं तो ओट्यावर उभ्याउभ्या दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना माझ्याकडे अशी बघत होती की जशी काय मी आता तिथंच पडणार. ‘आजी, रजिस्टरमधली ती ओळ मी माझ्या प्रबंधात घेत नाही. दगडावरचं नाव आहे तसंच राहू दे. तुला त्रास होईल असं मी काही करणार नाही.’ अगो पोरी, मला कसला त्रास? त्या दिवशी शाळेतून घरी आले ती नाचणीच्या दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, वर सुकटीची चटणी, आणि झोपले ती थेट कोंबडा आरवेपर्यंत. इतकी खुशीत मी तुझ्या बापाच्या लग्नातसुद्धा नव्हते. तेव्हा पहिली गोष्ट ही की ती ओळ गाळायची नाही. दुसरी गोष्ट, दगडावरचं नाव आहे तसं राहू द्यायचं नाही. का ते सांगते, पण मी सरळ वाटेनं सांगणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा दमानं वाच.

दगडाचं तुलाही माहीत आहेच, पण लिहिते, कारण हे पत्र आणखी कोणाकोणाच्या हाती जाईल. आपल्या शाळेला सव्वाशे वर्षं झाली म्हणून सव्वीस जानेवारीला शाळेच्या दारात काळा दगड उभा राहणार आहे. मोठ्या लढाईत, म्हणजे हिटलरच्या वेळच्या, आपल्या शाळेतली जी पोरं पलटणीत अधिकारी झाली त्यांची नावं त्यावर कोरायची. अकरा नावं. त्यात सातवं नाव ‘जमादार येसाजी बाबाजी कळंबे’. हा माझा बाप, तुझा पणजा. जमादार म्हणजे त्या वेळचा पलटणीतला अधिकारी, खांद्यावर एक चांदणी. ओट्यावरच्या फोटोत ती चांदणी दिसते, मिशी मात्र कसरीनं खाल्ली. ही अकरा नावं तूच शोधून दिलीस आणि त्यातलंच सातवं तुझ्या घशात अडकलं.

ते चार दिवस मला आठवतात ना, तर अजून हसू येतं. दिवाळी झाल्यावर तू आलीस. आधी महाडला दोन शाळांत जाऊन आली होतीस आणि तिथली जुनी कागदं महापुरात लगदा होऊन गेली असं कळल्यावर रडवेली होऊन वर आलीस. मी म्हटलं, पाणी वर डोंगरात चढत नाही, आपल्या शाळेत बघ. आलिमा मॅडमनी लोखंडी कपाट उघडलं, लाल फडक्यात बांधलेली रजिस्टरं काढली. ही बाई रोज तुडीलहून एवढ्या लांब स्कूटर हाणत येते, हेडमास्तरीण आहे, पण फडकं स्वतः झटकलं, शिपायाला हाक मारली नाही, तेव्हाच मला आवडली. तुझ्याकडे पलटणीच्या कागदांतून उतरवलेली यादी, त्यात नाव, हुद्दा, गाव. मॅडमकडे शाळेचं जनरल रजिस्टर, त्यात पोराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, का गेला. आणि माझ्याकडे काय? माझ्याकडे घरं. यादी म्हणते धाकू राघो. रजिस्टरात धाकू राघो तीन. मी विचारायची, फणसाखालचा, तळीवरचा की ज्याची बायको उमरठची तो? जन्मतारखेवरून तर काही कळेना, कारण अर्धी शाळा एक जूनला जन्मलेली. मास्तरांनीच सोय म्हणून टाकून दिलेली तारीख ती. पण का गेला तो रकाना, आहाहा! ‘मुंबईस गेला.’ ‘गुरे राखतो.’ ‘लग्न झाले.’ ‘ऐकत नाही.’ आणि एकोणीसशे चाळीसनंतर पानापानावर ‘पलटणीत भरती’. तू वाचायचीस आणि मी घर सांगायची. म्हातारीचा एवढा उपयोग आजवर कोणी केला नव्हता गो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुझं बोट एका ओळीवर थांबलं. तू पुढचं पान उलटलंस, परत मागं आलीस, आणि रजिस्टर मिटून म्हणालीस, ‘आजी, चहा घेऊ या का?’ चहा होऊन अर्धा तास झाला नव्हता. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, चहाची तलफ आणि लपवाछपवी यातला फरक मला कळतो. पण मी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी तू गेलीस, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी काठी टेकत मी एकटी शाळेत. मॅडमना म्हटलं, ते पुस्तक काढा. त्या घुटमळल्या. ‘आजी, तुमच्या नातीनं मला सांगून ठेवलंय…’ मी म्हटलं, ‘बाय, पुस्तक तुझ्या शाळेचं असंल, बाप माझा हाय.’ मग त्यांनी काढलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. वाचून दाखवू का म्हणाल्या, मी नको म्हटलं. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली, अक्षराला बोट लावून वाचते, वेळ लागतो पण पोचते.

नंबर चारशे सतरा. येसाजी बाबाजी कळंबे. इयत्ता सातवी, फायनल पास. शाळा सोडल्याचं कारण, तांबड्या शाईत: मयत, ता. ११ मार्च १९३६. आणि शेऱ्याच्या रकान्यात दुसऱ्या शाईत, बारीक अक्षरात: ‘दाखला दिला ता. ४ जुलै १९४०, भाऊ सोनबा यास.’ खाली फणसे मास्तरांची सही. दोन पानं पुढं, नंबर चारशे तेहेतीस. सोनबा बाबाजी कळंबे. दुसरी पास. गुरे राखतो. नाव कमी. बस्स. मॅडम हळूच म्हणाल्या, ‘आजी, मेलेल्या मुलाला चार वर्षांनी दाखला कशाला लागतो?’

तू हेच वाचलंस आणि घाबरलीस. सरळ सांगते, म्हणजे कोणाचाच गोंधळ नको. येसाजी माझा चुलता. सातवी शिकला, फायनल म्हणजे तेव्हाची सातवीची मोठी परीक्षा दिली आणि तापानं गेला. सोनबा माझा बाप. दुसरी शिकला, गुरं राखली. मेलेल्या थोरल्या भावाचा दाखला घेऊन माझा बाप भावाच्या नावानं पलटणीत भरती झाला, भावाच्या नावानं लढला आणि भावाच्याच नावानं अधिकारी झाला. तुला वाटलं, म्हातारीला हे कळलं तर तिचा बाप तिच्या हातून जाईल. पोरी, म्हातारीला हे आठव्या-नवव्या वर्षापासून ठाऊक आहे.

कसं कळलं ते ऐक. आमच्याकडे पितृपक्षात दोन पानं वाढायचे. एक माझ्या आजोबांचं, आणि एक आणखी. त्या दुसऱ्या पानाबद्दल घरात कोणी बोलत नसे. बाप ते परसातल्या कौलावर ठेवायचा आणि नाव न घेता नुसतं म्हणायचा, ‘दादा, ये.’ वड्याचा वास सुटलेला, आम्ही पोरं कावळ्याच्या नावानं बोटं मोडतोय, त्याच्या आधी आम्हाला कोण देणार! एका वर्षी बापाच्या जखमेच्या पायाला सूज आली, त्याला उठवेना, तर आजीनं ते पान उचललं आणि सगळ्यांदेखत तिच्या तोंडून गेलं, ‘माझ्या येसाजीचं पान हाय, मीच ठेवते.’ मला शाळेत नुकतं बापाचं नाव पाठ करून घेतलेलं, येसाजी. आणि बाप तर समोर भिंतीला टेकून बसलेला, जिवंत, मला डोळा मारत होता! मी जी रडायला लागले, मला वाटलं आजी माझ्या बापाला मारून टाकते. आईनं दंडाला धरून मला गोठ्यात नेलं, शेणाच्या पाटीपाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. मग म्हणाली, ‘राही, तुझा बाप चोर नाय. पन हे उंबऱ्याभायेर गेलं तर तो चोर व्हनार.’ तेव्हापासून मी गप्प. अडुसष्ट वर्षं. मला ओळखणाऱ्या माणसाला हे खरं वाटणार नाही, मी गप्प राहू शकते म्हणून.

आईनं सांगितलं ते असं. येसाजी गेला तेव्हा फायनलचा निकाल लागलेला नव्हता. निकाल आला आणि फणसे मास्तर स्वतः चढ चढून घरी आले, म्हणाले, ‘बाबाजी, तुझा मुलगा पास झाला.’ कोणाला सांगत होते ते त्यांनाच माहीत. वाडीत तोवर कोणी फायनल पास नव्हतं. आजोबांनी येसाजीची पुस्तकं कणगीत ठेवली, वर भात ओतलं. सोनबा तेव्हा सोळा वर्षांचा, गुरांमागं. त्यानं ती पुस्तकं एकेक करून बाहेर काढली. डोंगरावर गुरं चरायला सोडायची आणि कातळावर बसून भावाचं पुस्तक वाचायचं. अडलं की संध्याकाळी गुरं घरी हाकताना शाळेवरून वाट वाकडी करायची, मास्तर अंगणात असायचे. चार वर्षं हे चाललं. शाळेत परत घ्या असं म्हणायची सोय नव्हती, मिसरूड फुटलेला बाप्या दुसरीतल्या पोरांत कुठं बसणार! मग लढाई लागली, महाडला भरतीचे साहेब आले. नुसता शिपाई व्हायचं तर अंगठा पुरत होता. पण दाखला असेल तर पुढं शिकवतात, पट्टे मिळतात, असं कळलं. सोनबा मास्तरांकडे गेला. काय बोलले दोघं कोणाला ठाऊक नाही. आजोबा एवढंच म्हणाले म्हणे, ‘एकाचं शिकनं फुकट गेलं, दुसऱ्याचं व्हायचंच रायलं. दोघं मिळून एक तरी व्हवू दे.’

आता मला त्या दिवशी शाळेत आनंद कशाचा झाला ते कळतंय का तुला? मला जे ठाऊक होतं ते फक्त तोंडी होतं. आईचं तोंड गेलं, बापाचं गेलं, उरलं माझं. मी गेले की संपलं. आणि इथं बघते तर मास्तरांनी लिहून ठेवलंय! बाहेर दिलेल्या दाखल्यावर ‘मयत’ लिहिलं असतं तर साहेबांनी बापाला हाकलून दिलं असतं, म्हणजे दाखल्यात मास्तर खोटं बोलले. पण शाळेच्या पुस्तकात खोटं लिहायला त्यांचा हात धजला नाही. कोणाच्या हाती दाखला दिला ते नावानिशी लिहिलं, खाली सही केली, पकडले गेले असते तर नोकरी गेली असती. मी त्या सहीवर बोट ठेवून बसले होते. मॅडमनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं मला भोवळ आली. मी म्हटलं, ‘पानी नको, पेढे हायेत का?’ खरंच विचारलं गो. त्यांच्या डब्यात खजूर होते, तेच खाल्ले.

बाप इटलीत होता. तिथं मांडीत गोळी लागली, तरी तुकडी पुढं नेली म्हणून चांदणी मिळाली, असं त्याच्याबरोबरचा वरंधचा एक जण सांगायचा. बाप स्वतः इटलीचं एकच सांगायचा, की तिथली बोरं काळी आणि तेलकट असतात. ती ऑलिव्ह, हे मला तू सांगितलंस. पलटणीत त्याला इंग्रजी अक्षरांत हिंदुस्तानी लिहायला शिकवलं होतं, ते तो झरझर लिहायचा, आणि मराठी लिहायला बसला की माझ्यासारखा, जीभ बाहेर काढून. सोसायटीचे लोक म्हणायचे, जमादार, फायनल पास माणूस तुम्ही, अक्षर असं कसं? तो म्हणायचा, ‘गोळी लागली तवापासून.’ गोळी मांडीत आणि बिघाड अक्षरात! सगळे हसायचे आणि विषय संपायचा. गावाला काय ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. येसाजीला ज्यांनी खांदा दिला त्यांना ठाऊक नसेल? पण परत आल्या दिवसापासून त्याला कोणी येसाजी म्हटलं नाही आणि सोनबाही म्हटलं नाही. सगळे ‘जमादार’ म्हणाले. सगळ्या वाडीनं मिळून ते सांभाळलं. आता मात्र ती सांभाळणारी माणसं राहिली नाहीत आणि नातवंडांना दगडावर नाव पाहिजे, म्हणून हे उघडं करायची वेळ आली.

आणि एक सांगते, हे मी तुझ्या बापालाही कधी सांगितलेलं नाही. बाप एक्याऐंशी साली गेला. कागदावर गेला तो येसाजी, कारण पेन्शन येसाजीची. आई, म्हणजे तुळसा, तिला घेऊन मी महाडला कचेरीत गेले. कारकुनानं विचारलं, ‘आजी, नवऱ्याचं नाव?’ माझ्या आईनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, हळदीकुंकवाला बायकांनी दाराशी अडवलं तरी ‘जमादारांचं नाव घेते’ म्हणून निसटायची. तिथं ती खणखणीत म्हणाली, ‘येसाजी बाबाजी कळंबे.’ कारकून चमकला, त्या वयाची बाई इतकं बेधडक नाव घेत नाही. आईला कसली लाज, ते तिच्या नवऱ्याचं नावच नव्हतं! बाहेर आलो, एसटीला वेळ होता, बाकावर बसलो. तिनं पदर पुढं ओढला, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, ‘राही, सोनबा गेला गो.’ एकदाच. तिच्या तोंडून ते नाव मी एकदाच ऐकलं. आणि बघ ना, कागदावर बघशील तर सोनबा अजून मेलेलाच नाही. दुसरी पास झाला, गुरं घेऊन डोंगरावर गेला, आणि एकशे पाच वर्षांचा होऊन अजून तिथंच आहे.

तुझा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गेल्या रविवारी, दगडाच्या समितीची बैठक होती, शाळेत. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले. अध्यक्ष आपला स्वराज, माझ्या लांबच्या चुलतभावाचा नातू, म्हणजे तोही कळंबेच. पोरगं वाईट नाही, पण शर्टाला इस्त्री जरा जास्त असते. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं, गोठ्यातलंसुद्धा. स्वराज म्हणाला, ‘आजी, सरकारी यादीत येसाजी आहे. आपण कशाला उकरायचं? कळंब्यांचं नाव खराब होईल.’ मी म्हटलं, ‘कळंबे कळंबेच ऱ्हातंय रे, मी आडनावाला हातच लावत नाय.’ तेवढ्यात मागून एक म्हातारा, नाव लिहीत नाही, तुला ओळखेलच, खोकत म्हणाला, ‘दुसरी पास बापाची दुसरी पास लेक!’ मी वळून विचारलं, ‘व्हय, दोघं दुसरीच. तू सातवी शिकलास ना, दाव तुझी चांदणी!’ बाया हसल्या, समितीतले हसले, स्वराजही तोंडावर हात ठेवून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, ‘आजी, वाद नको, आपण ते नावच गाळू. दहा नावं कोरू.’ ते ऐकल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘खोटं नाव चालत व्हतं तवर अकरा, आनि खरं नाव आलं की दहा? गोळी काय नाव विचारून लागली? दहा कोरलीस तर सव्वीस जानेवारीला झेंडा वर जायीस्तोवर सातव्या जागेवर मी उभी ऱ्हानार, बघू कोन हलवतो.’ आणि वर सांगितलं, ‘नुसतं सोनबा नको. शाळेचा दगड हाय ना, मग इयत्ता पन लिव. दुसरी पास.’

संध्याकाळी तुझ्या बापाचा मुंबईहून फोन. त्याला कोणी कळवलं देव जाणे, या वाडीतून बातमी एसटीच्या आधी मुंबईला पोचते. ‘आई, याला फसवणूक म्हणतात, पेन्शन खाल्ली आपण दुसऱ्याच्या नावानं.’ मी म्हटलं, ‘बाबा, पेन्शन मांडीची व्हती, मांडी कोनाची व्हती?’ तो म्हणाला, जरा शांत राहा. या घरातल्या बायका किती वर्षं शांत राहिल्या याचा हिशेब त्याला कोण देणार? फोन ठेवला आणि कोळंबीचं कालवण केलं. तो घाबरतो, घाबरू दे. तू मात्र त्याच्यावर जाऊ नकोस, मिरच्या खायला माझ्यावर गेलीस, बाकीचंही माझंच घे.

आता हे पत्र कशाला ते. फोनवर पाच मिनिटांत झालं असतं, तर सहा दिवस बोटं मोडेपर्यंत कशाला लिहिलं? बैठक सुटताना स्वराजनं एक खरी गोष्ट विचारली. ‘येसाजी मेला हे रजिस्टर सांगतं. दाखला सोनबाच्या हातात दिला हेही सांगतं. पण पलटणीत गेला तो सोनबाच, हे कुठं लिहिलंय?’ आलिमा मॅडमनी दोन्ही पानं परत चाळली. कुठंच लिहिलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, तुझे पुण्याचे प्रबंधाचे सर प्रत्यक्ष माहिती असलेल्या माणसाची लेखी साक्ष मानतात, आणि स्वराज सगळ्यांसमोर म्हणाला, तशी साक्ष दहा जानेवारीच्या आत आली, तुझ्या सरांनी मान्य केली, तर तो स्वतः कारागिराला ते नाव सांगेल. तेव्हा पोरी, हे पत्र नाही, साक्ष आहे. दुसरं कोणी जिवंत नाही म्हणून मी देते. हात माझा, शाई मॅडमची. त्यांनी वाचून काना-मात्रा नीट केल्या, शब्दाला हात लावू दिला नाही मी. रजिस्टरच्या दोन्ही पानांच्या झेरॉक्स शाळेचा शिक्का मारून सोबत आहेत. यातलं काही गाळू नकोस, कालवणसुद्धा. तुझ्या सरांना सांग, बाईला विचारायचं असेल तर या म्हणावं, मी घरीच असते. शाळेत मला माझं नाव लिहायला शिकवलं ते चुलत्याच्या नावासकट, ते खोटं आहे हे कळलं तरी तसंच लिहीत आले, आणि मग याच वाडीत लग्न झालं, सासरचं नाव लागलं. खरं नाव मी आजवर एकदाही लिहिलेलं नाही. खाली लिहिलंय, ते पहिल्यांदाच आहे, एक अक्षर थोडं वाकडं आलंय, ते तसंच राहू दे.

तुझीच आजी,
राही सोनबा कळंबे
इयत्ता दुसरी